फवारणीला न जुमानणारा तुडतुडा: एका भातखाचरावरून उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवडीचा तपास

बेळगावच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांतून बळ्ळारी नाला जातो. जोराचा पाऊस झाला की नाल्याचे पाणी भातात शिरते आणि दिवसचे दिवस तुंबून राहते. अशाच नाल्याकाठच्या एक एकर खाचराचे हे प्रकरण. खाचर नमुन्याचे आहे आणि त्यातली मोजमापे हिशेबासाठी धरलेली आहेत. किडीबद्दलची आणि तिच्या जनुकांबद्दलची माहिती मात्र प्रत्यक्ष संशोधनातली आहे.

वाण इंद्रायणी. जुलैत रोप लागवड, अंतर २० बाय १५ सेंटिमीटर. युरियाचा हात सढळ. सप्टेंबर सरताना खाचराच्या मधोमध दोन-तीन ठिकाणी भात पिवळे पडून करपले. चूड, म्हणजे भाताचा एक झुबका, बाजूला करून बघितली तर बुडाशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी तुडतुडे दाटीने बसलेले. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक फवारले. आठवड्याने चट्टे आणखी पसरले. मात्रा वाढवून पुन्हा फवारले, तरी तेच. आता शेतकरी म्हणतो औषध भेसळीचे आहे, दुकानदार म्हणतो फवारणी नीट झाली नाही आणि बांधावरचे शेजारी म्हणतात किडीला औषधाची सवय झाली.

या तिसऱ्या म्हणण्यात जीवशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडला आहे. जे विष पचवण्याची ताकद या किडीत काल नव्हती ती आज आली असेल, तर ती आली कुठून? यदृच्छया होणारे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला फेरबदल, आणि नैसर्गिक निवड एवढ्या दोन गोष्टींतून खरोखरच नवे कार्य उभे राहते का? त्याचे उत्तर द्यायला ही कीड फार चांगली आहे, पण आधी इतर संशयित बाजूला काढावे लागतात. नुसते औषध लागू पडले नाही म्हणून प्रतिकारशक्ती आली असे म्हणता येत नाही.

आधी खाचरातला तपास

तपकिरी तुडतुडा, म्हणजे रयत संपर्क केंद्राच्या कानडी पत्रकातला ‘कंदु जिगिहुळू’, जवळजवळ केवळ भातावर जगतो. मादी पानाच्या आवरणात, पेशींच्या आत अंडी घालते, एकूण दोन-तीनशे. सात ते नऊ दिवसांत अंडी फुटतात, पिल्ले पाच अवस्थांतून जातात आणि महिन्याभरात पिढी पुरी होते. बाहेरून उडत येणारे तुडतुडे लांब पंखांचे असतात. खाचरात बस्तान बसले की पुढच्या पिढीत आखूड पंखांच्या माद्या दिसू लागतात. त्या उडत नाहीत, सगळी ताकद अंड्यांवर लावतात.

अंडी आवरणाच्या आत असल्याने फवारणीतून वाचतात. म्हणून फवारणीनंतर नेमके काय दिसते, याला महत्त्व आहे. खाचरात तिरके चालत वीस चुडी निवडाव्यात, प्रत्येक चूड वाकवून पांढऱ्या ताटलीवर झटकावी आणि मोजावे. मोजणी फवारणीच्या आदल्या दिवशी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. सातव्या दिवशी फक्त बारीक पांढुरकी पिल्ले असतील तर ती नंतर फुटलेल्या अंड्यांतली आहेत, औषधाने आपले काम केलेले आहे. तिसऱ्याच दिवशी मोठी पिल्ले आणि आखूड पंखांच्या माद्या चालत्याफिरत्या दिसल्या, तर त्या फवारणीतून जिवंत सुटल्या आहेत. दोन्ही वेळा शेतकऱ्याला ‘कीड गेली नाही’ एवढेच दिसते. कारणे मात्र पूर्ण वेगळी.

मग फवारणीचा हिशेब. एकरी ४० ते ५० मिली औषध आणि २०० लिटर पाणी धरले तर १६ लिटरचे साडेबारा पंप होतात, पंपाला सुमारे चार मिली. अंगावर पंप घेऊन चिखलात एवढ्या फेऱ्या कोणी मारत नाही. सहा पंपांतच एकर उरकला जातो. पंपाला चार मिलीच टाकले तर एकराला २४ मिली पडले, निम्म्याच्या आसपास, आणि तेही शेंड्यावर. कीड बुडाशी बसलेली. पुरेसे पाणी आणि बुडाकडे वळवलेला नोझल याशिवाय औषधाची परीक्षाच होत नाही.

तिसरा संशयित पुन्हा उसळी. आधी कधी सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मारले असेल, तर तुडतुड्याची अंडी शोषणारा हिरवा मिरीड ढेकूण आणि लांडगा कोळी मेले असणार. शत्रू गेले आणि युरियाने रस गोड केला की तुडतुडा भराभर वाढतो. इथे औषध कमी पडले असे वाटते, पण खरे तर किडीचा जन्मदर वाढलेला असतो.

हे सगळे तपासूनही मोठे तुडतुडे वाचत असतील तर प्रयोगशाळेची चाचणी. खाचरातले तुडतुडे धरून टीएन-१ या कीड-संवेदनशील वाणाच्या रोपांवर एक पिढी वाढवतात, म्हणजे एका वयाची पिल्ले मिळतात. भाताचे ताट मुळासकट घेऊन औषधाच्या पाच वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बुडवतात, सावलीत सुकवतात, मुळांना ओला कापूस गुंडाळतात. प्रत्येक ताटावर तिसऱ्या अवस्थेची वीस पिल्ले, तीन वेळा पुनरावृत्ती, आणि सोबत नुसत्या पाण्यात बुडवलेली ताटे. मोजणी ७२ ते ९६ तासांनी. त्याआधी मोजले तर इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा असर कमी दिसतो. नुसत्या पाण्यावरही काही पिल्ले मरतातच, ती वजा करावी लागतात. पाण्यावर १० टक्के आणि औषधावर ५५ टक्के मेली, तर औषधाचा खरा असर (५५ − १०) भागिले (१०० − १०), म्हणजे ५० टक्के. ॲबट यांनी १९२५ मध्ये दिलेले हे सूत्र आजही तेच वापरतात. पाण्यावरच पाचातले एक पिल्लू मरत असेल तर चाचणी टाकून द्यावी. हाताळणी चुकली आहे.

याच चाचणीत आणखी एक पायरी घातली की पुढचा प्रश्न निम्मा सुटतो. पायपरोनिल ब्युटॉक्साइड हे रसायन किडीच्या शरीरातली पी-४५० नावाची विकरे (एन्झाइम, म्हणजे रसायने मोडणारी-जोडणारी प्रथिने) बंद पाडते. ते आधी देऊन मग इमिडाक्लोप्रिड दिले आणि तुडतुडे पुन्हा मरू लागले, तर कीड विषाची मोडतोड करून जगत होती असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर विष जिथे जाऊन बसते ती जागाच बदलली असण्याचा संशय बळावतो.

ताकद नेमकी कशात आहे

इमिडाक्लोप्रिड किडीच्या मज्जातंतूंवरच्या निकोटिनिक ग्राहकाला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. या विषातून सुटायला कीड दोन वाटांनी जाऊ शकते आणि दोन्ही वाटा प्रत्यक्ष सापडल्या आहेत. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या औषधाखाली ठेवलेल्या एका तुडतुडा वाणात ग्राहकाच्या प्रथिनातल्या १५१ व्या जागी टायरोसिनऐवजी सेरिन (ही प्रथिनाचे मणी असलेली अमिनो आम्ले) आलेले २००५ मध्ये दाखवले गेले. विष चिकटेना. पण शेतातल्या तुडतुड्यांत शोधले तेव्हा हा बदल आढळला नाही. शेतात दुसरी वाट चालली होती.

इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले. २००३ मध्ये थायलंडमधून तुडतुडे दाद देत नसल्याची पहिली नोंद झाली, मग आशियाभर. या शेतातल्या तुडतुड्यांत सीवायपी६ईआर१ हे पी-४५० जनुक जास्त चालताना दिसले. २०१८ मध्ये त्याचा पूर्ण उलगडा प्रसिद्ध झाला आणि आमच्या मते नव्या कार्याच्या जन्माचे इतके स्वच्छ उदाहरण पिकांवरच्या किडींत क्वचितच आहे.

संवेदनशील तुडतुड्यात या जनुकाची प्रत असते, पण तिचे विकर इमिडाक्लोप्रिडला हात लावत नाही. प्रतिकारक तुडतुड्यात जनुकाच्या एकाहून जास्त प्रती आहेत. एक प्रत जुनीच, तिचे काम चालू. दुसरीत बदल झालेले. एका रूपात ३१८ व्या जागी थ्रिओनिनऐवजी सेरिन, ३७५ वे अलानिन गळालेले आणि ३७६ व्या अलानिनच्या जागी ग्लायसिन. दुसऱ्या एका रूपात ३१८ चा तोच बदल आणि ३७७ वे प्रोलिन गळालेले. ही सगळी ठिकाणे विकराच्या त्या खाचेत आहेत जिथे पचवायचा रेणू येऊन बसतो. खाचेचा आकार किंचित बदलला आणि इमिडाक्लोप्रिड आत बसू लागले. विकर त्याला ऑक्सिजन जोडते आणि त्याचे विष उतरते. शिवाय बदललेल्या प्रतीच्या पुढच्या नियंत्रक भागातही फरक पडला आहे, त्यामुळे ती प्रत जोरात चालते.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून संशोधकांनी ही रूपे फळमाशीत घातली. बदललेले रूप घातलेल्या माश्या इमिडाक्लोप्रिडवर तगल्या, जुने रूप घातलेल्या तगल्या नाहीत. तेव्हा जनुक जास्त चालणे एवढेच कारण नव्हते. प्रथिनाला जे आधी येत नव्हते ते आता येते.

उत्परिवर्तनाने फक्त मोडतोड होते, नवे काही येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बहुतेक उत्परिवर्तने निरुपयोगी किंवा घातक असतात हे खरेच आहे, आणि काही प्रतिकार खरोखर काहीतरी मोडूनच आलेले आहेत. इथे मात्र जनुकाची आधी नक्कल झाली, जुनी प्रत शाबूत राहिली आणि नकलेला वेगळे काम मिळाले. घरात एकच विळा असेल तर त्याला करवतीचे दाते पाडता येत नाहीत, कापणी अडते. दुसरा विळा आला की एकावर प्रयोग करता येतो. जुने काम न गमावता नवे काम येण्याची ही सर्वांत वाहती वाट आहे.

नक्कल न होता काय होते, तेही दिसले आहे. मेंढ्यांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या माशीत एका एस्टरेज विकराच्या १३७ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आले. एका बदलाने विकर ऑर्गॅनोफॉस्फेट विष फोडू लागले, पण त्याचे मूळ काम गेले. नवे कार्य मिळाले आणि किंमत मोजावी लागली. पुढे त्याच माश्यांत हे रूप आणि वेगळ्या जागी बदललेले दुसरे प्रतिकारक रूप अशी दोन्ही एकाच गुणसूत्रावर असलेल्या नकलाही सापडल्या.

औषधामुळे बदल होतो की आधीच असतो

‘किडीला सवय झाली’ या म्हणण्यात अशी कल्पना आहे की औषध सोसता सोसता तुडतुडा शिकतो. एका तुडतुड्याच्या आयुष्यात असे काही होत नाही. ज्याच्याकडे बदललेली प्रत नाही तो मरतो, ज्याच्याकडे आहे तो अंडी घालतो. उत्परिवर्तन गरज बघून होत नाही. डीएनएची नक्कल होताना चूक कुठेही होते, निवड नंतर लागते.

मेंढीच्या माशीबाबत याचा फार सुंदर पुरावा मिळाला. संग्रहालयांत टाचणीला टोचून ठेवलेल्या, ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे वापरात येण्याआधीच्या माश्यांचा डीएनए २००६ मध्ये तपासला गेला. याच गटातल्या मॅलॅथिऑनचा प्रतिकार देणारा बदल, २५१ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी ल्यूसिन, त्या जुन्या माश्यांत आधीच होता. वरचा १३७ चा बदल मात्र त्यांत मिळाला नाही. म्हणजे एक बदल विष येण्याआधीपासून थोड्या माश्यांत फिरत होता. दुसरा एक तर फार दुर्मीळ होता किंवा नंतर झाला. बदल निवडीच्या आधीच झालेला असतो, हेच जिवाणूंवर ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये, लेडरबर्ग दांपत्याने १९५२ मध्ये दाखवले होते.

पण एवढा नेमका बदल यदृच्छया व्हायला वेळ कुठला? इथे आकडे मांडून बघितलेले बरे. २० बाय १५ सेंटिमीटरवर लागवड म्हणजे चौरस मीटरला ३३ चुडी, ४,००० चौरस मीटरच्या एकरात सुमारे १ लाख ३३ हजार. चुडीला वीस तुडतुडे धरले, आणि चट्ट्यात याहून कितीतरी जास्त असतात, तर एकरात २६ लाखांवर. कीटकांत डीएनएच्या एका अक्षरात एका पिढीत चूक होण्याचे प्रमाण काही अब्जांश आहे. ३ अब्जांश धरू. प्रत्येक तुडतुड्यात दोन संच आणि चूक तीन प्रकारची होऊ शकते, त्यातली एकच हवी. हिशेब येतो ५० कोटींत एक. म्हणजे अशी १९० एकरे भरली की एका पिढीत एका ठरावीक अक्षराचा ठरावीक बदल सरासरीने एकदा होतो. बळ्ळारी नाल्याकाठचे शिवारच याहून मोठे आहे, आणि तुडतुड्याचे क्षेत्र तर आशियाभर.

हा हिशेब एका अक्षराचा. तीन बदल एकाच वेळी, एकाच तुडतुड्यात व्हावे लागले असते तर कोणतीही संख्या पुरली नसती. तसे व्हावे लागत नाही. एक बदल थोडा फायदा देतो, त्याचे वाहक वाढतात, आता वाढलेल्या त्या लाखोंपैकी कोणात तरी दुसरा बदल होतो. मधली प्रत्येक पायरी निदान नुकसान करणारी नसावी, एवढी अट आहे. जिथे अशी पायरी नाही तिथे निवड अडते. नैसर्गिक निवड काहीही घडवू शकते असे कोणी जाणकार म्हणत नाही. फायद्याचा बदलही सुरुवातीला योगायोगाने नष्ट होऊ शकतो: १० टक्के फायदा देणारा नवा बदल टिकण्याची शक्यता सुमारे २० टक्केच असते, हे हॉल्डेन यांनी १९२७ मध्येच दाखवले.

आता निवडीचा वेग. प्रतिकारक तुडतुडे दहा लाखांत एक आहेत असे धरू. फवारणीत साधे ९५ टक्के मरतात, प्रतिकारक २० टक्के. वाचतात अनुक्रमे ५ आणि ८० टक्के, म्हणजे दर फवारणीला प्रतिकारकांचे प्रमाण साध्यांच्या तुलनेत सोळा पटीने वाढते. तीन फवारण्यांनंतरही ते हजारात चार. शेतकऱ्याला औषध उत्तम वाटते. चौथ्यानंतर सहा टक्के. पाचव्यानंतर निम्मे. हा हिशेब सोपा केलेला आहे, त्यात संकर आणि बाहेरून येणारे तुडतुडे धरलेले नाहीत, पण औषध ‘अचानक’ का निकामी होते ते यातून कळते. अचानक काहीच झालेले नसते. आधीच्या चार वेळी जे चालले होते ते मोजणीत दिसत नव्हते.

बेळगाव भागाची एक वेगळी गोष्ट यात धरली पाहिजे. गंगावती-सिरुगुप्पा पट्ट्यात तुंगभद्रेच्या कालव्यावर वर्षात दोन भातपिके होतात, तुडतुड्याला सतत अन्न मिळते. येळ्ळूर शिवारात भात निघाले की मसूर, वाटाणा, हरभरा. खानापूरच्या खाचरांतही बहुतेक एकच खरीप भात. महिनोन् महिने भातच नसल्याने इथला तुडतुडा दरवर्षी बऱ्याच अंशी उडत येणारा. त्याची निवड दुसऱ्याच कुणाच्या शेतात होऊन गेलेली असू शकते, आणि नव्याने औषध घेतलेला शेतकरी पहिल्याच फवारणीला हरतो. उलट जिथे फवारणी कमी तिथून आलेले साधे तुडतुडे प्रतिकारकांचे प्रमाण खाली आणतात.

या प्रकरणावरून नवा अवयव कसा येतो ते सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढे: जुन्या प्रथिनातून, नक्कल आणि मोजक्या बदलांच्या वाटेने, जे काम आधी होत नव्हते ते करणारे प्रथिन काही दशकांत उभे राहते. रिचर्ड लेन्स्की यांच्या १९८८ पासून चाललेल्या प्रयोगातल्या जिवाणूंच्या बारा वाणांपैकी एकात सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर प्राणवायू असताना सायट्रेट खाण्याची ताकद आली, तीही जनुकाची नक्कल होऊन, नकलेला वेगळा नियंत्रक मिळून. जीव वेगळा, गरज वेगळी, वाट तीच.

या एकरात आता काय करायचे

उरलेल्या हंगामात इमिडाक्लोप्रिड पुन्हा मारू नये, मात्रा वाढवून तर नाहीच. जे वाचायचे ते वाचलेले आहेत, त्यांचे शत्रू तेवढे मरतील. थायामेथोक्झाम किंवा डायनोटेफ्युरान हे त्याच गटातले, नाव बदलले तरी विषाची जागा तीच. गट बदलायचा तर पायमेट्रोझिन ५० डब्ल्यूजी एकरी १२० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून, बुडाशी. डब्यावरची मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस वाचूनच. बांध फोडून तीन-चार दिवस पाणी काढावे, नाल्याला पाणी उतरलेले असेल तेव्हाच हे जमते. चट्ट्यापुरतीच नव्हे, तर चट्ट्याभोवतीच्या हिरव्या भागातही मोजणी करावी. माद्या तिकडे सरकलेल्या असतात.

पुढच्या खरिपात दर आठ-दहा ओळींनंतर ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा, म्हणजे वारा आणि ऊन बुडापर्यंत जाते आणि पंपवाल्याला आत शिरता येते. युरिया तीन हप्त्यांत. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा पायरेथ्रॉइड वर्गातले काहीही भातात नाही. चुडीला पाच ते दहा तुडतुडे होईपर्यंत फवारणी नाही, कोळी आणि मिरीड ढेकूण भरपूर दिसत असतील तर आणखी थांबावे. फवारावे लागलेच तर एका हंगामात एका गटाचे औषध एकदाच. चाचणीसाठी तुडतुडे पहिल्या फवारणीच्या आधी धरावेत आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी. फवारणीनंतर वाचलेले धरून नेले तर प्रतिकारकांचेच प्रमाण फुगून येते आणि शिवारात मुळात ते किती होते ते कळत नाही.